कुंडलिक वाढा

पदार्थांना नावं कुठून मिळतात याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कुणी ती संस्कृतातून आणतात, कुणी फारशीतून, आणि ज्यांना फारच घाई असते ते कानडीतून आणून मोकळे होतात. बजाबाईच्या खानावळीत हा वाद नव्हता. तिथं कुठल्या पदार्थाचं नाव कुणावरून पडलं, कोणत्या दुपारी पडलं आणि ते नाव असलेला गृहस्थ सध्या गिरणीत कोणत्या पाळीला आहे, हे बत्तीसच्या बत्तीस मेंबरांना पाठ होतं.

खानावळ सोलापुरात, गिरणीच्या मागच्या बोळात होती. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीत दोन पंगती बसायच्या. मेंबर बहुतेक गिरणीतले, एकटे राहणारे, बायकापोरं गावाकडं ठेवलेले. मी जवळच्या छापखान्यात मुद्रितं तपासत असे. डोळ्यांवर चष्मा असल्यामुळं मला सगळे मास्तर म्हणत. मी कुणाला काही शिकवलं नाही, त्यामुळं त्या पदवीला माझ्याकडून बाधाही आली नाही.

नावांची सुरुवात बहात्तरच्या दुष्काळात झाली. रेशनवर मिलो नावाची परदेशी तांबडी ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना फाटायची, तव्यावर मोडायची आणि तोंडात गेल्यावर मात्र मोडायची नाही. तुरीची डाळ दुकानात नमुन्यापुरती उरली होती. त्या नमुन्यात बजाबाई बत्तीस माणसांची आमटी करत होती. पहाटे चारला उठायची, टँकरच्या रांगेत उभी राहायची, मग चुलीपुढं बसायची. आणि मेंबर पाटावर बसले की सुरू करायचे. "बजाक्का, भाकरी दातानं तुटंना." "बजाक्का, ताकात ताक कुटं हाय?" "बजाक्का, ही चटणी का विटकरीचा भुगा?"

अशाच एका दुपारी कुंडलिकनं वाटीत वाकून बघितलं. कुंडलिक साच्यावरचा, म्हणजे मागावरचा कामगार, जेऊरकडचा. स्वभावानं गरीब, पण चारचौघांत बसला की एखादा विनोद करायचाच. तो म्हणाला, "बजाक्का, ह्या आमटीत माजं तोंड दिसाया लागलंय की. मिशी कोरून घिऊ का?"

सगळी पंगत हसली. बजाबाई हसली नाही. तिनं पळी पातेल्यात उभी केली.

"नाव काय तुमचं?" तिनं विचारलं.

"आं? अवो, मी कुंडलिक. सात वर्सं जेवतोय तुमच्याकडं."

"कुंडलिक. बरं. मग आजपास्नं ही आमटी तुमची. हिचं नाव कुंडलिक. आता जो जो खोट काढील, ती चीज त्याचं लेकरू. त्याच्याच नावानं मी वाढणार. बघू किती जणांना लेकरं पायजेत."

धर्मपाल पोस्टात टपाल लावणारा कारकून होता. पत्ता बदलला तर काय करायचं, हा प्रश्न त्याला आधी सुचायचा. तो म्हणाला, "आणि त्याच पदार्थाला उद्या दुसऱ्यानं खोट काढली तर?"

"तर त्याच्या नावावर. जो शेवटी बोलंल त्याचं."

एवढाच कायदा. लिहिलेला नव्हता, म्हणून पाळला गेला.

आठवड्याभरात उरलेली बारशी उरकली. सिद्राम हा अक्कलकोटकडचा हमाल. कानडीत बोललं तर चालून जाईल असा त्याचा हिशेब होता. भाकरीचा तुकडा कानाजवळ वाजवून तो शेजाऱ्याला म्हणाला, "इदु रोट्टी अल्ला, कल्लु." ही रोटी नव्हे, दगड. बजाबाईचं माहेर अक्कलकोटचं आहे हे त्याला त्या दिवशी कळलं. ताकाचं नाव ज्ञानबा पडलं. तो ज्ञानबा पुढं भिवंडीला निघून गेला, पण ताक राहिलं, आणि नवे मेंबर समजायचे की ज्ञानबा ही ताकाची एक जात असावी.

शेंगाचटणीला खोट काढणारा धर्मपाल. तिखट कमी आहे, ही तर लहान मुलांना लावायची पावडर, असं तो कायदा पूर्ण माहीत असताना म्हणाला. मी त्याला नंतर एकदा विचारलं, की तू आपण होऊन का गळ्यात घेतलंस? तो म्हणाला, "मास्तर, आमच्या गावात माझ्या बापाच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे. त्यातल्याच एका घरचे दोन जण इथं दुसऱ्या पंगतीत बसतात. रोज दुपारी ताट पुढं करून 'धर्मपाल वाढा' म्हणतात. मला ऐकायला बरं वाटतं." मग चटणीत तेल ओतून म्हणाला, "आणि तिखट कमीच होतं."

माझं नाव कशालाच नव्हतं. मी कधी तक्रार केली नाही. याला काही लोक समाधानी वृत्ती म्हणतात. मी भित्रेपणा म्हणतो.

पंधरा दिवसांत तक्रारी बंद झाल्या, त्या साडेतीन वर्षं पुन्हा झाल्या नाहीत. मध्यंतरी सगळ्या देशालाच न बोलता जेवायची सवय लावण्यात आली. पण आम्ही आधी सुरुवात केली होती, एवढं नमूद करून ठेवतो.

पदार्थांची नावं मात्र खानावळीत राहिली नाहीत. मेंबर गिरणीत जात, गिरणीतून चहाच्या हॉटेलात जात, आणि नाव त्यांच्याबरोबर जाई. कडक भाकरीला बोळात सगळेच सिद्राम म्हणू लागले. आणि कुंडलिक हे तर विशेषणच झालं. चहा कुंडलिक झाला. नळाला पाणी कुंडलिक आलं. गेटवर एका पुढाऱ्यानं तासभर भाषण केलं, तर लोक म्हणाले, लई कुंडलिक बोलला. ज्यांनी कुंडलिकला कधी पाहिलं नव्हतं, तेही म्हणाले.

कुंडलिकनं पहिल्या वर्षी हसून घेतलं. दुसऱ्या वर्षी हसण्यासारखं तोंड केलं. तिसऱ्या वर्षी तो नुसता जेवायचा.

आणि शहात्तरच्या मे महिन्यात तो माझ्याकडं छापखान्यात आला. बाहेर डांबर पातळ झालं होतं. तो रात्रपाळी करून सरळ आलेला, पापण्यांवर कापसाचे तंतू तसेच. माझ्यासमोरच्या खोक्यावर बसला. मी दोन पानं तपासली.

"मास्तर," तो शेवटी म्हणाला, "मथीची सोयरीक जमत आली."

मथी म्हणजे त्याची मुलगी, मथुरा. "वा. कुठली मंडळी?"

"कुर्डुवाडीची. पोरगा रेलवेच्या वर्कशापात हाय. बाप हिंदुराव, त्यो बी रेलवेतच. पोरगी बगून गेले, पसंत हाय. आता म्हणतो, तुमी सोलापुरात कसं ऱ्हाता, काय खाता, ते येऊन बघतो. पुढच्या रविवारी येतोय. म्हणला, तुमी जितं जेवता तितंच मी जेवणार."

"मग आनंद आहे."

"कसला आनंद?" तो म्हणाला. "त्यो पाटावर बसणार, मी शेजारी बसणार, अन समोरचा कुणीतरी म्हणणार, बजाक्का, कुंडलिक वाढा. त्यो इचारणार, ह्ये काय? मग सांगायचं काय? की हितं सगळ्यात पाणचट जे हाय त्याला माजं नाव हाय? अवो, पोरीला सासरी जायचंय. जल्मभर कुणीबी म्हणंल, कुंडलिकची पोरगी व्हय, मग सैपाक तसाच असणार."

मी म्हणालो, दुसऱ्या हॉटेलात ने. तो म्हणाला, दहा वर्षं घरी पत्रातून लिहितोय की बजाक्काकडं घरच्यासारखं जेवण मिळतं, तेच पाव्हण्यानं ऐकलंय. आता दुसरीकडं नेलं तर पाव्हणा म्हणंल, हितं काही भानगड हाय.

"मला नाव काढून पायजे," तो म्हणाला. "रविवारच्या आत."

आम्ही दोघं बजाबाईकडं गेलो. ती परातीत पीठ मळत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, मळायचं थांबवलं नाही.

"मी ठिवलं खरं," ती म्हणाली, "पर मला काडता यायचं न्हाई. उद्या मी तुमचं काडलं तर सिद्राम येणार, ज्ञानबा भिवंडीस्नं कागद धाडणार. अन सगळ्यांची तोंडं पुन्ना सुटली की मी हितं बसायची न्हाई. पन्नाशी उलटली माजी. कायदा हाय की, दुसरं कुणी बोललं की तुमी मोकळं. आणा कुणाला तरी."

आणा म्हणणं सोपं होतं. कायदा माहीत असलेला माणूस तोंड उघडणार नव्हता. बाहेरचा पाहिजे होता, आणि तोही तक्रारखोर. कुंडलिकनं दोन दिवस, झोपायच्या वेळेत, स्टँडवर उभं राहून माणसं न्याहाळली. बुधवारी तो एका शाळा-तपासनिसाला घेऊन आला. निवड उत्तम होती. ज्याला खोट काढायचाच पगार मिळतो, तो आमटीला सोडणार कसा? बत्तीस जण घास हातात धरून त्याच्याकडं बघत होते. तपासनिसानं वाटी तोंडाला लावली. दुसरी मागितली. मग तिसरी.

कुंडलिकला राहवेना. "सायेब, आमटी कशी काय? मोकळ्या मनानं सांगा. पातळ वाटत असंल."

तपासनिसानं डोळे मिटले. "पंचवीस वर्षं," तो म्हणाला, "मी प्रत्येक गोष्टीत काय चुकलंय ते सांगतो आहे. मला घरीही कुणी काही दाखवत नाही. दुपारचं जेवण तेवढं माझ्यावर सोडा हो." आणि ताक पिऊन निघून गेला.

शुक्रवारी कुंडलिकनं जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, आणि सवयीप्रमाणं काही बोललो नाही. बजाबाई पाण्याची घागर आणायला आत वळली तेव्हा त्यानं मिठाच्या बरणीत हात घातला आणि ओंजळभर मीठ आमटीच्या पातेल्यात सोडलं. इतकं वाईट करू की एखाद्याला तरी बोलावंच लागेल, असा त्याचा विचार होता. विचारात चूक नव्हती. त्यानं माणसं ओळखली नव्हती.

आमटी वाढली गेली. पहिला भुरका झाला. सिद्रामच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं पंच्यानं टिपलं. धर्मपालनं आमटीत भाकरी कुस्करून वर चटणी दाबली. एक जण नुसता छताकडं बघत चावत राहिला. बत्तीस माणसांनी ते मिठाचं पाणी पोटात घेतलं, वर तीन तीन तांबे पाणी प्यायले, हात धुतले आणि रोजच्यासारखे गेले. जाताना एक जण तर म्हणाला, "बजाक्का, येतो. बरं झालं जेवान."

बजाबाई सगळ्यांच्या मागून, तीनच्या सुमाराला एकटी जेवायची. मी त्या दिवशी छत्री विसरलो म्हणून परत गेलो, तेव्हा ती ताटापुढं बसली होती. एक घास खाल्लेला, बाकी तसंच.

"मास्तर, आमटीत मीठ हाय."

"असं?"

"असं काय? तुमी खाल्ली की."

मी छत्री शोधत राहिलो.

"मीठ मी टाकलं न्हाई एवढं. ज्यानं टाकलं ते कळलं मला. बरणी उघडी राहून गेली, अन कुंडलिकच्या हाताला मीठ दिसत होतं. त्याचं मला काय न्हाई. त्यो गरजेपायी करतोय." तिनं ताट थोडं लांब सारलं. "पर बत्तीस जण खाऊन गेले. एक बोलला न्हाई. मग मास्तर, ह्या साडेतीन वर्सांत आनि काय काय खाऊन गेले असतील?"

छत्री सापडली होती. मी ती उघडून, भर पत्र्याखाली, पुन्हा मिटवली आणि निघालो.

शनिवारी काहीच घडलं नाही. कुंडलिक दमला होता. दिवसा झोप नाही, रात्री साचा. शेवटी धर्मपालनं एक युक्ती काढली. नाव काढता येत नसेल तर एक दिवस झाकून ठेवू. रविवारी आमटी मागताना कुणी नाव घ्यायचं नाही. "ते वाढा" म्हणायचं. धर्मपालनं एकेका मेंबराच्या कानात हे टाकलं, टपाल टाकावं तसं, एकही चुकलं नाही.

रविवारी हिंदुराव आले. उंच, वाळलेले, उन्हानं तांबारलेले. गेली वीस वर्षं ते रेल्वेचा रस्ता तपासणाऱ्या गँगमध्ये होते. रोज आठ मैल रुळांतून चालायचं, पाचर ढिली दिसली, खडी सरकलेली दिसली की ओरडायचं. त्यामुळं त्यांची नजर खाली असे आणि आवाज मोठा. कुंडलिक शनिवारची रात्रपाळी करून, तोंड धुऊन, धुतलेला सदरा घालून त्यांना स्टेशनवरून घेऊन आला होता. चोवीस तास झोप नव्हती. तो पाटावर बसला तो भिंतीला टेकूनच.

रविवारी एकवेळच जेवण असायचं, त्यामुळं पंगत भरलेली. गव्हाची खीर होती. बजाबाईनं पाव्हण्यांना आधी वाढलं.

"बजाक्का, ते वाढा," सिद्राम म्हणाला.

"ते हिकडं बी."

"जरा ते आणा, तळातलं."

हिंदुरावांनी मान वर केली. "ते म्हंजी काय हो?"

"ते हो. ते," पलीकडचा म्हणाला.

"आमटी व्हय? मग आमटी म्हणा की. तुमच्याकडं आमटीला आमटी म्हणत न्हाईत का?"

"म्हणतात की," धर्मपाल म्हणाला. "सणासुदीला."

कुंडलिकनं डोळे मिटून घेतले. हिंदुरावांनी वाटी उचलली, एक भुरका मारला, वाटी खाली ठेवली आणि रुळावर उभं राहून पलीकडच्या गँगला सांगावं अशा आवाजात म्हणाले, "आमटी पातळ हाय."

साडेतीन वर्षांत त्या पडवीत हे वाक्य उच्चारलं गेलं नव्हतं. कुणाच्या हातातला घास खाली गेला नाही, वरही गेला नाही. मग कोपऱ्यातून सिद्राम हळूच म्हणाला, "कुंडलिका, सुटलास गड्या," आणि दोघंतिघं चक्क हसले. कुंडलिकच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही, इतका तो थकलेला. मग त्यालाही कळलं की आपण सुटलो. आणि लगेच पुढचंही कळलं असावं, कारण तो भिंतीपासून सुटून ताठ बसला.

बजाबाई पळी घेऊन पाव्हण्यांसमोर उभी राहिली होती. कायदा तिचाच होता. तिचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही, पण निघाला.

"पाव्हणं, नाव काय तुमचं?"

"माजं?" हिंदुराव म्हणाले. "माजं नाव..."

"पातळ हाय!" कुंडलिक ओरडला. "बजाक्का, आमटी पातळ हाय. लई पातळ हाय. मी म्हणतोय."

"कुंडलिक," ती म्हणाली, "इचार करून बोला. पाव्हण्यांनी एकदा म्हणलंय."

"ऐकलं मी. त्येंच्यानंतर मी म्हणतोय. जो शेवटी बोलंल त्याचं. पातळ हाय, साडेतीन वर्सं पातळ हाय, डाळ आली तरी पातळच हाय."

बजाबाईनं क्षणभर त्याच्याकडं बघितलं. "नाव काय तुमचं?"

"कुंडलिक."

"काय?"

"कुंडलिक," तो मोठ्यानं म्हणाला. मागच्या खोलीतल्या तव्यावर भाकरी करपत होती, पण तिला कुणी विचारलं नाही.

आणि मग बजाबाई खाली बसली. पंगत चालू असताना ती बसलेली आम्ही कुणी पाहिली नव्हती. पळी मांडीवर आडवी धरून म्हणाली, "खरंच पातळ हाय व्हय रे?"

"व्हय," बत्तीस जण म्हणाले. एवढं एकमत त्या काळात फार थोड्या ठिकाणी मनापासून होत असेल.

"अन परवाचं मीठ?"

"लई होतं."

"मग बोलला का न्हाईत?"

सगळे ताटातले भाकरीचे तुकडे मोजू लागले.

"ह्ये हितं काय चाललंय?" हिंदुराव म्हणाले. ते एकदा बजाबाईकडं आणि एकदा कुंडलिककडं बघत होते. धर्मपालनं काहीतरी गोल बोलायला तोंड उघडलं, पण कुंडलिकनं हात वर करून त्याला थांबवलं. आणि मग त्यानंच सगळं सांगितलं. आमटीला आपलं नाव कसं पडलं, ते चहाला आणि नळाला कसं लागलं, आज सगळे 'ते' का म्हणतात, तपासनीस, मीठ, आणि आत्ता पाव्हण्यांचं नाव आमटीला जाता जाता कसं वाचलं. सांगताना त्यानं स्वतःला कुठं वाचवलं नाही. त्याच्यात तेवढी ताकदच उरली नव्हती. शेवटी म्हणाला, "आता तुमी ठरवा. पाणचटपणाला माजं नाव हाय ह्ये खरं हाय. पोरीचं काय त्यात न्हाई. तिचा सैपाक घट्ट असतो, तिच्या आयसारका."

हिंदुराव भाकरी खात राहिले. खानावळीच्या भाषेत 'सिद्राम खात राहिले' असं म्हणायला हवं, पण तो दिवस तसा नव्हता. कुंडलिक त्यांच्या हाताकडं बघत होता. हात ताटातून तोंडाकडं जाई, परत ताटात येई. मुलीचं लग्न त्या हातात होतं आणि हात चटणी लावत होता.

"आमच्यात," हिंदुराव अखेर म्हणाले, "रुळाची पाचर ढिली दिसली अन गडी बोलला न्हाई, तर त्याला आमी गँगमधी ठिवत न्हाई. गाडी पडली न्हाई तरी ठिवत न्हाई." त्यांनी दोन्ही पंगतींवरून नजर फिरवली. ती माझ्यापाशी आल्यावर मी खीर ढवळली. "तुमी एवढी माणसं साडेतीन वर्सं बोलला न्हाईत. ह्यो एकटा तवा बोलला, अन आज बी बोलला. माज्या नावासाटी बोलला."

"मग?" कुंडलिक म्हणाला.

"मग काय? पोरगी आमची. दसऱ्यानंतरचा मुहूर्त बगू." मग वाटीकडं बघून म्हणाले, "पर आमटी पातळच हाय हो बाई. आता कुणाच्या बी नावानं घाला, डाळ जरा जास्त घाला."

बजाबाई उठली आणि आत गेली. आतून डाळीच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. ते सोमवारच्या भिजवणीसाठी होतं, पण आम्हाला वाटलं आत्ताच काहीतरी होणार, म्हणून आम्ही थोडा वेळ बसून राहिलो.

हिंदुरावांना आता बोलायचं होतं. मानपान किती, वऱ्हाड किती, गाडी कोणती, जेऊरला उतरून पुढं बैलगाडी की ट्रक. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या, तिसरी विचारली, तरी उत्तर आलं नाही म्हणून वळून बघितलं. कुंडलिक झोपला होता. भिंतीला टेकून, मान एका बाजूला, उजवा हात ताटावर तसाच, खिरीनं माखलेला.

सिद्राम त्याला हलवायला पुढं झाला. हिंदुरावांनी त्याला थांबवलं. "निजू द्या. मला चारची गाडी हाय. बसतो मी."

मेंबर एकेक करून उठले, आवाज न करता. मी आणि धर्मपाल राहिलो. माशा खिरीच्या हातावर बसायला लागल्या होत्या, आणि जेवलेला हात तसा वाळू देऊ नये म्हणतात. बजाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं कुंडलिककडं बघितलं, मग पाव्हण्यांकडं. हिंदुरावांनी ताट थोडं उचलून त्याच्या मनगटाखाली धरलं. तिनं हळूहळू पाणी सोडलं आणि आपल्या बोटांनी त्याचा हात धुतला. पदरानं पुसला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्याची झोप मोडली नाही.